एम७४ मधले तरुण तारकागुच्छ: लॅपटॉपवर करायचा अभ्यास, पायरीपायरीने

कृत्तिका नक्षत्र उचलून एम७४ या दीर्घिकेत नेऊन ठेवलं, तर हबल दुर्बिणीच्या चित्रात ते कसं दिसेल? कृत्तिकेतले ठळक तारे आकाशात साधारण एक अंशात पसरलेले आहेत. कृत्तिका आपल्यापासून सुमारे १३५ पार्सेकवर आहे, म्हणजे हा पसारा झाला जेमतेम अडीच पार्सेकचा. एम७४ चं अंतर सुमारे ९९ लाख पार्सेक, म्हणजे ३.२ कोटी प्रकाशवर्षं. तिथे हे सगळे तारे मिळून हबलच्या एक-सव्वा पिक्सेलमध्ये मावतील. कृत्तिकेची एकत्रित निरपेक्ष प्रत (खऱ्या तेजाचा आकडा, तो जितका कमी तितकी वस्तू उजळ) −४ च्या आसपास आहे, त्यामुळे व्यावसायिक याद्यांमध्ये या गुच्छाची नोंदसुद्धा होणार नाही. त्या याद्या −६ पाशी थांबतात.

हा अभ्यास करताना ही मर्यादा सतत समोर ठेवावी लागते. संगणकाचा भाग आठवड्याभरात जमतो. आपल्या यादीत काय आलं, काय सुटलं आणि का सुटलं, हे ठरवायला खरा वेळ जातो. खालच्या पायऱ्या पदवीच्या शेवटच्या वर्षातल्या किंवा एमएस्सीच्या विद्यार्थ्यांना एका सत्रात करता येतील अशा आहेत. गोव्यात जून ते सप्टेंबर आकाश मिटलेलंच असतं, त्यामुळे लॅपटॉपवरचं काम पावसाळ्यात आणि दुर्बिणीचं काम दिवाळीच्या सुमारास अशी विभागणी सोयीची पडते.

दीर्घिका कोणती घ्यावी?

जवळची सर्पिल दीर्घिका म्हटली की एम३३ आधी आठवते. ती ८.४ लाख पार्सेकवर आहे आणि तिथल्या गुच्छांमधले वेगवेगळे तारे हबलला दिसतात. पण त्यामुळे अभ्यासाची रीतच बदलते, कारण प्रत्येक ताऱ्याचा रंग आणि प्रत मोजून वय काढावं लागतं. गुच्छाला एकच वस्तू मानून, त्याच्या एकूण प्रकाशावरून वय आणि वस्तुमान काढायला शिकायचं असेल तर एम७४, म्हणजेच एनजीसी ६२८, उत्तम. ती जवळजवळ पूर्णपणे आपल्याकडे तोंड करून आहे, तिचा कल १० अंशांहूनही कमी आहे. त्यामुळे धुळीच्या थराचा त्रास कमी होतो आणि दोन गुच्छांमधलं अंतर मोजताना कलाची दुरुस्ती करावी लागत नाही. शिवाय तिच्यावर भरपूर काम झालेलं असल्याने आपलं उत्तर पडताळता येतं.

एम७४ च्या अंतरावर १ आर्कसेकंद (अंशाचा ३,६०० वा भाग) म्हणजे ४८ पार्सेक. हबलच्या चित्रांचा पिक्सेल ०.०४ आर्कसेकंदांचा, म्हणजे १.९ पार्सेक. गुच्छांची अर्धप्रकाश त्रिज्या (जिच्या आत निम्मा प्रकाश येतो) साधारण १ ते १० पार्सेक असते. म्हणून गुच्छ ताऱ्यापेक्षा किंचित पसरट दिसतो, आणि सगळा अभ्यास या ‘किंचित’वर उभा आहे. जमिनीवरच्या दुर्बिणीला २ आर्कसेकंदांचं सीइंग (हवेच्या थरथरीने ताऱ्याचा ठिपका जेवढा पसरतो ते माप) मिळालं तरी एक ठिपका ९६ पार्सेकचा होतो आणि त्यात डझनभर गुच्छ सहज लपतात. भारताच्या ॲस्ट्रोसॅटवरच्या यूव्हीआयटी दुर्बिणीनेही एम७४ टिपली आहे. तिची विभेदनक्षमता दीड आर्कसेकंदाच्या आसपास, म्हणजे ७० पार्सेक. तारे जन्मणारे मोठे पट्टे पाहायला हे पुरेसं आहे, सुट्या गुच्छांना नाही.

चित्रं आणि यादी

लेगस या सर्वेक्षणात हबलने जवळच्या ५० दीर्घिका अतिनील ते अवरक्ताच्या उंबरठ्यापर्यंत पाच फिल्टरमधून टिपल्या. डॅनिएला कॅल्झेटी यांच्या नेतृत्वाखालच्या या सर्वेक्षणाची चित्रं आणि गुच्छांच्या याद्या हबलच्या मास्ट या संग्रहात कोणालाही मोफत मिळतात. एम७४ चे त्यात दोन तुकडे आहेत, मधला ‘सी’ आणि पूर्वेकडचा ‘ई’. सुरुवात ‘सी’पासून करा.

पाच फिल्टर म्हणजे २७५, ३३६, ४३५, ५५५ आणि ८१४ नॅनोमीटरच्या आसपासचे पट्टे. बोलीभाषेत अतिनील, यू, बी, व्ही आणि आय. प्रत्येक फाइल काहीशे एमबीची असते. गावाकडे नेट मध्येच तुटतं, म्हणून थांबलेलं डाउनलोड तिथूनच पुढे चालू करणारा डाउनलोडर वापरा आणि फाइलचा आकार संग्रहातल्या आकड्याशी जुळवून पाहा. अर्धवट उतरलेली फिट्स (खगोलीय चित्रांसाठीचा फाइल-प्रकार) फाइल पुष्कळदा उघडते, पण खालचा भाग रिकामा असतो आणि तिथे गुच्छच नाहीत असा समज होतो.

लॅपटॉपला ८ जीबी मेमरी चालते. पाचही चित्रं एकदम उघडायची असतील तर १६ जीबी हवी. चित्र पाहायला डीएस९, तक्ते हाताळायला टॉपकॅट आणि मोजमापाला पायथनमधली ॲस्ट्रोपाय व फोटयुटिल्स ही पॅकेजेस लागतात. सगळी फुकट आहेत.

पाचही चित्रं डीएस९ मध्ये उघडून आकाशातल्या निर्देशांकांवर एकमेकांशी जुळवा. मोकळ्या जागेतले दहाएक सुटे तारे निवडा आणि त्यांची केंद्रं पाचही चित्रांत अर्ध्या पिक्सेलच्या आत येतात का ते पाहा. लेगसची चित्रं आधीच एका जाळीवर आणलेली आहेत, त्यामुळे ती जुळायला हवीत. जुळली नाहीत तर बहुधा एखादी फाइल वेगळ्या तुकड्याची उतरवली गेली आहे.

उमेदवार निवडणे

शोध व्ही फिल्टरच्या चित्रात घ्या. फोटयुटिल्सला पार्श्वभूमीच्या चढउताराच्या तिप्पट-साडेतीनपट उजळ ठिपके शोधायला सांगितलं की हजारो ठिपके हाती येतात. त्यांतले बहुतेक एम७४ मधले एकएकटे राक्षसी तारे असतात. त्यांना वेगळं काढायची कसोटी म्हणजे संहतांक. १ पिक्सेल त्रिज्येच्या वर्तुळात मोजलेली प्रत वजा ३ पिक्सेल त्रिज्येतली प्रत. ताऱ्याचा प्रकाश मध्याशी एकवटलेला असल्याने हा फरक कमी येतो, गुच्छाचा जास्त. एम७४ च्या मधल्या तुकड्यासाठी लेगसने १.४ ही सीमा धरली आहे.

ही सीमा तशीच उचलू नका. सुटे, स्वच्छ दिसणारे तीसेक तारे निवडून त्यांच्या संहतांकाचा आलेख काढा, मग नक्की गुच्छच वाटणाऱ्या तीसेक वस्तूंचा काढा. दोन ढीग दिसतील आणि त्यांच्यामधली दरी म्हणजे तुमची सीमा. ही दरी १.४ पासून बरीच दूर पडली तर पहिला संशय केंद्राच्या जागेवर घ्या. डीएस९ पहिल्या पिक्सेलला १ म्हणतं, पायथन ०. डीएस९ मधून वाचलेले निर्देशांक पायथनला जसेच्या तसे दिले की प्रत्येक वर्तुळ दोन्ही दिशांना एकेक पिक्सेल सरकतं. ४ पिक्सेलच्या वर्तुळात हे नुकसान थोडं असतं म्हणून लक्षात येत नाही, पण १ पिक्सेलच्या वर्तुळातून मधला प्रकाश निसटतो, संहतांक फुगतो आणि सगळे तारे गुच्छ म्हणून पास होतात. विद्यार्थ्यांच्या कामात सगळ्यात जास्त आढळणारी चूक हीच.

त्यानंतर दोन गाळण्या लावा. निदान चार फिल्टरमध्ये वस्तूची प्रत ०.३ पेक्षा कमी त्रुटीने मोजता आली पाहिजे. आणि तिची निरपेक्ष व्ही प्रत −६ पेक्षा उजळ हवी. एम७४ चा अंतर-गुणांक (दृश्यप्रत वजा निरपेक्ष प्रत) २९.९८ आहे, म्हणजे दृश्यप्रत साधारण २४ पर्यंत. या सीमेमुळे बरेच एकटे तारे गळतात, सगळे नाही. सर्वांत तेजस्वी महाराक्षसी तारे −९ च्या आसपासही पोचतात. म्हणून पुढची पायरी.

डोळ्यांनी वर्गवारी

या पायरीला पर्याय नाही आणि घाई केली तर पुढचं सगळं काम वाया जातं. प्रत्येक उमेदवारासाठी चार गोष्टी एका पानावर छापा किंवा पडद्यावर शेजारीशेजारी ठेवा. व्ही चित्राचा ४० बाय ४० पिक्सेलचा तुकडा, तोच तुकडा समतेज रेषांसह, बी-व्ही-आय मिळून केलेलं रंगीत चित्र आणि केंद्रापासून बाहेर जाताना उजेड कसा उतरतो त्याचा आलेख. मग चारांपैकी एक वर्ग द्या.

पहिला वर्ग: गोल, सममित, एकाच शिखराचा. दुसरा: एकच शिखर, पण लांबट किंवा एका बाजूला कललेला. तिसरा: एकाच सामाईक उजेडात दोन-तीन शिखरं, हे बहुधा विस्कळीत तारासमूह असतात, गुरुत्वाने बांधलेले गुच्छ असतीलच असं नाही. चौथा: गुच्छ नाही.

चौथ्या वर्गात काय काय पडतं ते ओळखायला शिका. आपल्याच आकाशगंगेतला पुढचा तारा उजळ असेल तर त्याला सुळे फुटलेले दिसतात. एम७४ च्या तबकडीतून आरपार दिसणारी दूरची दीर्घिका लालसर असते, तिच्या कडा विरळ असतात आणि अतिनील चित्रात ती जवळजवळ नाहीशी होते. दोन तारे दीड पिक्सेल अंतरावर असतील तर संहतांक फसतो, पण समतेज रेषा शेंगदाण्याच्या टरफलासारख्या दिसतात. एकाच फिल्टरमध्ये दिसणारा, चौकोनी कडांचा ठिपका म्हणजे डिटेक्टरचा दोष.

वर्गवारी निदान दोघांनी एकमेकांचं न पाहता करावी आणि जिथे मतं वेगळी पडतील तिथे तिसऱ्याला विचारावं. लेगसमध्येही प्रत्येक वस्तू अनेकांच्या नजरेखालून गेली आहे. एका बैठकीत शंभराहून जास्त वस्तू पाहू नका, कारण थकलेला डोळा सगळ्यांना दुसरा वर्ग देत सुटतो. दुसऱ्या दिवशी कालच्यातल्या वीस वस्तू नावं झाकून पुन्हा पाहा. किती ठिकाणी तुमचंच मत बदललं ते लिहून ठेवा. तो आकडा अहवालात द्यायचा असतो.

प्रत मोजणे

४ पिक्सेल त्रिज्येचं वर्तुळ घ्या, म्हणजे ७.७ पार्सेक. पार्श्वभूमीसाठी ७ व्या पिक्सेलपासून १ पिक्सेल रुंदीचं कडं घ्या आणि त्यातला मध्यक वजा करा. सरासरी नको, शेजारचा एखादा तारा कड्यात आला तर ती वाहवत जाते. सर्पिल बाहूंमध्ये शेजारपाजार दाट असतो, त्यामुळे तेच मोजमाप १० व्या पिक्सेलच्या कड्यासह पुन्हा करा. दोन उत्तरांत ०.१ प्रतीहून जास्त फरक आला तर त्या वस्तूवर खूण करा. ती काढून टाकू नका, कारण सर्वांत तरुण गुच्छ नेमके अशाच गर्दीत असतात.

वर्तुळाबाहेर राहिलेल्या प्रकाशाची भरपाई करायची रीत अशी: सुटे, उजळ, पहिल्या वर्गाचे पंधरावीस गुच्छ निवडा. २० पिक्सेल त्रिज्येत त्यांची प्रत मोजा, त्यातून ४ पिक्सेलमधली प्रत वजा करा आणि सरासरी काढा. प्रत्येक फिल्टरची भरपाई वेगळी निघते. एकाच फिल्टरची भरपाई पाचही ठिकाणी वापरली की रंग बिघडतात, आणि रंग बिघडले की वयं बिघडतात.

शून्यबिंदू, म्हणजे मोजलेल्या उजेडाचं प्रतीत रूपांतर करणारा आकडा, फिट्सच्या शीर्षभागातल्या फोटफ्लॅम आणि फोटप्लॅम या दोन आकड्यांवरून काढता येतो. नावात एका अक्षराचाच फरक आहे, सांभाळा. प्रती मोजायच्या एबी आणि वेगा अशा दोन पद्धती आहेत. एबी पद्धतीचा शून्यबिंदू म्हणजे −२.५ गुणिले फोटफ्लॅमचा लॉग, वजा ५ गुणिले फोटप्लॅमचा लॉग, वजा २.४०८. लेगसच्या याद्या मात्र वेगा पद्धतीत आहेत. ३३६ च्या फिल्टरमध्ये या दोन पद्धतींत सुमारे १.२ प्रतीचा फरक आहे, ५५५ मध्ये जवळजवळ नाहीच. मिसळ झाली तर तरुण गुच्छ म्हातारे होतात.

आपल्या आकाशगंगेतल्या धुळीची दुरुस्तीही याच टप्प्यावर करा. एम७४ च्या दिशेने ती व्ही मध्ये ०.१९ प्रत आहे. लेगसच्या यादीशी तुलना करण्याआधी यादीसोबतच्या रीडमी फाइलमध्ये कोणत्या दुरुस्त्या झालेल्या आहेत ते वाचा. यादीत ९९.९९९ असा आकडा दिसला तर तो ‘मोजमाप नाही’ असं सांगतो. तो सरासरीत गेला तर आलेख भलतीकडेच जातो.

वय, वस्तुमान आणि धूळ

आता प्रत्येक गुच्छाचे पाच आकडे आहेत आणि तीन अज्ञातं. ताऱ्यांच्या समूहाचं प्रारूप, उदाहरणार्थ स्टारबर्स्ट९९ किंवा एफएसपीएस, वापरून १० लाख वर्षांपासून १४ अब्ज वर्षांपर्यंतच्या वयांचे रंग आधी तयार करून ठेवा. धातूंचं प्रमाण सूर्याएवढं धरा. प्रत्येक वयाला धुळीचा लालसरपणा (बी आणि व्ही प्रतींतल्या फरकात धुळीने पडणारी वाढ) ० ते १.५ पर्यंत ०.०१ च्या टप्प्याने लावा, निरीक्षणाशी काय-वर्ग (प्रारूप आणि निरीक्षण यांतल्या तफावतीचं माप) काढा आणि सर्वांत कमी कुठे येतो ते पाहा. वस्तुमान हे फक्त एकूण उजेडाचं गुणोत्तर आहे, ते शेवटी आपोआप निघतं. त्रुटीमध्ये ०.०५ प्रत किमान म्हणून मिळवा, नाहीतर उजळ गुच्छांना कोणतंच प्रारूप बसत नाही. फिल्टरचे वक्र त्याच कॅमेऱ्याचे घ्या ज्याने ते चित्र टिपलं. हबलच्या दोन कॅमेऱ्यांचे निळे फिल्टर एकसारखे नाहीत.

अडचण अशी की म्हातारा गुच्छही लाल असतो आणि धुळीआडचा तरुण गुच्छही लाल. अतिनील आणि यू फिल्टर इथे उपयोगी पडतात, कारण धूळ सगळ्या रंगांना सारखी खात नाही. लालसरपणा ०.३ असेल तर व्ही मध्ये ०.९ प्रत जाते, २७५ मध्ये सुमारे १.८. तरीही फसगत होते. सर्वांत मोठी म्हणजे बंदिस्त (ग्लोब्युलर) गुच्छांची. दहा अब्ज वर्षांचा, धुळीविना लाल दिसणारा गुच्छ संगणक कधीकधी ‘५० लाख वर्षं आणि भरपूर धूळ’ म्हणून सांगतो. तपासायला हायड्रोजन-अल्फाचं, म्हणजे तापलेल्या हायड्रोजनच्या लाल प्रकाशातलं, चित्र घ्या. खरोखरच ५० लाख वर्षांचा असेल तर आसपास चमकणारा वायू किंवा धुळीचे काळे पट्टे दिसायला हवेत. गुच्छ गोल, गुळगुळीत आणि भोवती काहीच नाही असं असेल तर संगणकाचं उत्तर बाजूला ठेवा. हायड्रोजन-अल्फाचा आकारही बोलतो. वायू गुच्छावरच बसलेला असेल तर वय साधारण ३०-४० लाखांच्या आत. कडं होऊन बाहेर सरकला असेल तर थोडं पुढे. अजिबात नसेल तर बहुधा काही दशलक्ष वर्षं उलटून गेली.

दुसरी फसगत एक कोटी वर्षांच्या आसपास होते. तेव्हा लाल महाराक्षसी तारे तयार होतात आणि रंगांची वाट वळण घेऊन स्वतःलाच छेदते. त्यामुळे वयांच्या आलेखात एके ठिकाणी ढीग आणि शेजारी खड्डा पडतो. तो इतिहास समजू नका, ते गणिताचं वळण आहे. वयाचे गट रुंद ठेवले की हा दोष बराचसा विरतो. तिसरी फसगत लहान गुच्छांची. ५,००० सूर्यांपेक्षा कमी वस्तुमानाच्या गुच्छात तेजस्वी तारे मोजकेच असतात. एखादा लाल महाराक्षसी तारा आहे की नाही एवढ्यावरून सगळ्या गुच्छाचा रंग ठरतो. प्रारूप मात्र सरासरी गृहीत धरतं. म्हणून ५,००० खालची वस्तुमानं छापा, पण त्यांच्यावर निष्कर्ष उभा करू नका.

किती सुटले हे मोजणे

रिकाम्या आणि गर्दीच्या, दोन्ही जागी खोटे गुच्छ पेरा. १ ते १० पार्सेक त्रिज्येचे, २१ ते २६ प्रतीचे, एका वेळी शंभर-दोनशे. जास्त पेरले तर ते एकमेकांवर पडतात. मग अगदी पहिल्यापासूनची सगळी प्रक्रिया त्यांच्यावर चालवा आणि कोणत्या प्रतीपर्यंत दहातले नऊ परत मिळतात ते पाहा. दीर्घिकेच्या मध्याजवळ ही सीमा बाहेरच्यापेक्षा एखाद्या प्रतीने उजळ बाजूला सरकू शकते, त्यामुळे सगळ्या चित्राला एकच सीमा लावू नका.

ही पायरी गाळली तर काय होतं याचा हिशेब करून पाहा. निरपेक्ष प्रत −६ असलेल्या गुच्छाचं वस्तुमान वय एक कोटी असेल तर ढोबळमानाने ५०० सूर्य निघतं, वय वीस कोटी असेल तर सुमारे ५,०००. कारण वय वाढतं तसे तेजस्वी तारे मरतात आणि गुच्छ मंदावतो. गुच्छांची संख्या वस्तुमानाच्या साधारण उणे दोन घाताने बदलते, म्हणजे एखाद्या वस्तुमानाहून मोठे गुच्छ किती, हे त्या वस्तुमानाच्या व्यस्त प्रमाणात असतं. म्हणून उजेडावर आखलेल्या यादीत जुने गुच्छ दहापट कमी दिसतात, एकही गुच्छ नष्ट झालेला नसताना. ‘गुच्छ झपाट्याने तुटतात’ हा निष्कर्ष अशा यादीतून हमखास निघतो आणि तो पूर्णपणे यादीचा दोष असू शकतो. उपाय म्हणजे यादी वस्तुमानावर आखणे: ५,००० सूर्यांहून जास्त वस्तुमान आणि वीस कोटी वर्षांहून कमी वय. अँजेला आदामो व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये एम७४ साठी हीच सीमा वापरली.

आता वयाचे तीन गट करा: १० लाख ते १ कोटी, १ कोटी ते १० कोटी आणि १० ते २० कोटी वर्षं. प्रत्येक गटातल्या संख्येला गटाच्या रुंदीने भागा, म्हणजे दशलक्ष वर्षांच्या हिशेबात ९, ९० आणि १०० ने. समजा पहिल्या गटात ४५ आणि दुसऱ्यात ९० गुच्छ आले. संख्या दुप्पट दिसते, पण दर ५ वरून १ वर उतरलेला असतो. हा उतार एकदा पहिल्या दोन वर्गांसाठी आणि एकदा तिसरा वर्ग मिळवून काढा. तिसरा वर्ग घेतला की तो जास्त तीव्र होतो, कारण विस्कळीत समूह लवकरच पांगतात. बांधलेले गुच्छ तुटतात का, हा प्रश्न विचारायचा असेल तर पहिला वयोगट सोडूनच उतार काढणं योग्य. त्या वयात बांधलेला कोणता आणि पांगणारा कोणता, हे चित्र पाहून कळत नाही.

वस्तुमानांचा आलेख काढताना सारख्या रुंदीच्या रकान्यांऐवजी सारख्या संख्येचे रकाने घ्या. उतार उणे दोनच्या आसपास यायला हवा. जड टोकाला आलेख खाली वाकताना दिसेल. आदामो यांच्या कामात हे वळण सुमारे दोन लाख सूर्यांपाशी आहे. पण तिथे मोजकेच गुच्छ असतात, त्यामुळे सर्वांत जड तीन गुच्छ काढून आलेख पुन्हा काढा आणि वळण टिकतं का ते पाहा.

वेळ उरला तर गुच्छांच्या जागाही पाहा. एका गुच्छापासून ठरावीक अंतरावर दुसरा सापडण्याची शक्यता, अस्ताव्यस्त पेरलेल्या ठिपक्यांच्या तुलनेत किती जास्त आहे ते काढा. तरुण गुच्छ घोळक्याने सापडतात आणि काही कोटी वर्षांत हा घोळका विरतो. पेरलेले ठिपके चित्राच्या कडेबाहेर किंवा दोन डिटेक्टरमधल्या फटीत पडू देऊ नका.

गोव्यातून आकाशात

एम७४ ची क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचं कोनीय अंतर) आज सुमारे १५ अंश ५५ मिनिटं आहे आणि पणजीचा अक्षांश १५ अंश ३० मिनिटं. म्हणजे ही दीर्घिका गोव्याच्या बरोब्बर डोक्यावरून जाते, खस्वस्तिकापासून (थेट डोक्यावरच्या बिंदूपासून) अर्ध्या अंशाच्या आत. वातावरणाचा थर सर्वांत पातळ असतो तिथेच ती असते. मध्यमंडल (डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा) ओलांडण्याची वेळ ऑक्टोबरच्या मध्याला रात्री साडेबाराच्या सुमारास, नोव्हेंबरच्या मध्याला साडेदहाला, डिसेंबरच्या मध्याला पावणेनऊच्या आत. मीन राशीतल्या ईटा पिशियम या ताऱ्याच्या पूर्व-ईशान्येला सव्वा अंशावर ती सापडते. एकूण प्रत साडेनऊच्या जवळपास असली तरी उजेड पसरलेला असल्यामुळे कळंगुट-कांदोळीच्या पट्ट्यातून ती दिसायची आशा नको. सत्तरी, नेत्रावळी किंवा काणकोणचा आतला भाग गाठा. अभयारण्याच्या हद्दीत रात्री थांबायला वनखात्याची परवानगी आधी घ्यावी लागते. दिवाळीची अमावस्या काळोखाच्या दृष्टीने सोन्यासारखी, पण नरकासुराच्या रात्री आणि पाडव्यापर्यंत धूर साचून राहतो. भाऊबिजेनंतरच्या दोन-तीन रात्री बऱ्या.

डोक्यावरची वस्तू दुर्बिणीला मात्र गैरसोयीची. डॉब्सोनियनला खस्वस्तिकाजवळ दिशा पकडता येत नाही, म्हणून मध्यमंडलाच्या तासभर आधी किंवा नंतर पाहा. तेव्हा ती ७५ अंशांवर असते. जर्मन विषुववृत्तीय माउंटवर अपवर्तक किंवा कॅसेग्रेन असेल तर नळी सरळ उभी राहते आणि खालचा कॅमेरा तिपाईच्या पायाला आपटू शकतो. दिवसाउजेडी नळी उभी करून मोकळी जागा किती ते बघून घ्या, लागल्यास तिपाई आणि माउंटच्या मध्ये उंचवटा बसवा आणि मध्यमंडलावर बाजू पालटायची वेळ दोन फ्रेमच्या मध्ये येईल अशी आखा.

आठ इंची एफ/५ न्यूटोनियन आणि ३.७६ मायक्रॉन पिक्सेलचा एकरंगी कॅमेरा असेल तर एक पिक्सेल ०.७८ आर्कसेकंद येतो. सुटे गुच्छ दिसणार नाहीत, पण तारे जन्मत असलेले हायड्रोजनचे ढग टिपता येतात. फिल्टर निवडताना जपा. एम७४ सेकंदाला सुमारे ६५७ किलोमीटर वेगाने दूर जात असल्याने तिची हायड्रोजन-अल्फा रेषा ६५६.३ वरून ६५७.७ नॅनोमीटरवर सरकलेली असते. ३ नॅनोमीटर रुंदीचा फिल्टर ६५७.८ लाच संपतो आणि रेषा कडेवर कापली जाते. ७ नॅनोमीटरचा घ्या. पाच-पाच मिनिटांच्या फ्रेम मिळून तीन-चार तास जमवा, त्याच रात्री लाल फिल्टरमधूनही तासभर घ्या आणि तारे नाहीसे होईतो लाल चित्र योग्य प्रमाणात वजा करा. उरलेले ठिपके म्हणजे ढग. त्यांवर लेगसच्या यादीतले एक कोटी वर्षांहून लहान गुच्छ ठेवा आणि तुमच्या एकेका ठिपक्यात किती गुच्छ येतात ते मोजा.

नोव्हेंबरातही आतल्या खोऱ्यांत मध्यरात्रीनंतर दव धो धो पडतं. नळीच्या तोंडाजवळच्या तिरप्या आरशावर आणि कॅमेऱ्याच्या काचेवर तापपट्टी लावल्याशिवाय तीन तासांचा डेटा मिळत नाही. घरी आल्यावर आरसा न पुसता पंख्याखाली वाळवा, मग सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवा. जेलचा रंग बदलला की ते मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येतं. पावसाळ्याचे चार महिने डबा दर पंधरा दिवसांनी उघडून काचेवर बुरशीचे तंतू आलेत का ते टॉर्चच्या तिरप्या उजेडात पाहावं लागतं.